गळ, शिसं आणि पालथी कयाक

कोथरूडच्या आमच्या दुकानात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होड्या, मिळतात आणि त्यावर सामान कसं लावायचं ते दाखवायचं काम माझं. गेल्या ऑक्टोबरात एक काका आले, मूळचे मालवणचे. दिवाळीत गावी जाऊन किनाऱ्याजवळ गरी टाकायची आणि मग मास्क-फिन्स चढवून खडकांपाशी बुड्या मारायच्या, असा त्यांचा बेत. आणलेलं सगळं सामान काट्यावर ठेवलं. ३८ किलो भरलं.

काका ८२ किलोंचे, कयाक १५० किलो पेलणारी. पण तिच्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांपुढे मी ओझं जाऊ देत नाही. भरगच्च कयाक खाली बसते, वळता वळत नाही. म्हणजे सामानाला उरले २३. लोखंडी नांगराच्या जागी दीड किलोचा घडीचा घेतला. बर्फाच्या पेटीसाठी काका बराच वेळ अडून बसले. शेवटी ओल्या गोणपाटावर भागलं.

शनिवारी पवना धरणाच्या फुगवट्यात गेलो. बुडी मारताना खाली जाता यावं म्हणून कमरेला बांधायचा चार किलो शिशाचा पट्टा काकांनी कयाकच्या मागच्या बाजूला पक्क्या गाठीने बांधला होता. (इथल्या गोड्या पाण्यात दोन किलो पुरले असते, समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, तिथे जास्त शिसं लागतं.) दोन्ही गळकाठ्या उभ्या, दोरीला गळ तसाच. तो काढून घ्यायला मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

कयाक उलटली तर सामान जागेवर राहतं का, ते पाहायचं होतं. "काका, आता मुद्दाम उलटा."

उलटले. डोकं वर आलं आणि लगेच मागे ओढलं गेलं. गळ पायमोज्यात रुतला होता, दोरी फिनला गुंडाळलेली. कयाक सुलटी करावी तर शिसं खालून तिला धरून बसलेलं. चाकू माझ्या लाइफ जॅकेटच्या छातीवर होता, डब्यात नव्हता, म्हणून निभावलं. दोरी कापली, पट्ट्याची दोरीही कापली. पट्टा तळाशी गेला. काठावर आलो तेव्हा दोघांचेही हात थरथरत होते.

चहा घेऊन पुन्हा मांडणी केली. दुसरा पट्टा पायांच्या मध्ये, तळाशी, एका झटक्यात सुटणाऱ्या बकलाने. काठ्यांचे गळ काढून त्या आडव्या, कडेला बांधलेल्या. आसनापाशी मधला भाग मोकळाच ठेवला, कारण पाण्यातून परत चढताना माणूस पोटावर तिथूनच सरकतो. तिथे गळांचा डबा असून चालणार नाही. बुडी मारताना कयाक वाऱ्यावर जाऊ नये म्हणून तिची लांब तरंगती दोरी काकांच्या हाती. चाकू त्यांच्याही छातीवर.

पुन्हा दोनदा उलटवली. काठ्या, डबा, नांगर, पट्टा, सगळं जागेवर. दुसऱ्या वेळी काका हसत वर आले आणि डोळे बारीक करून माझ्याकडे पाहू लागले. चष्मा गेला होता.

चष्म्याची दोरी माझ्या यादीत नव्हती. त्याच संध्याकाळी लिहिली.