एक्सपीच्या कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क लावताना

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या वर्कशॉपमध्ये मशीनशेजारी विंडोज एक्सपीचे कॉम्प्युटर अजून दिसतात. मशीन धडधाकट असतं, त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि आतली ८० जीबीची डिस्क मात्र कुरकुरायला लागलेली असते. दुकानदार आता १, २ किंवा ४ टीबीची समोर ठेवतो. २ पर्यंतची घ्या. ४ ची स्वस्तात मिळाली तरी नको.

एक्सपीच्या ३२-बिट आवृत्तीला फक्त एमबीआर या जुन्या पद्धतीची विभागणी (डिस्कचे भाग कुठे सुरू होतात याची नोंद) वाचता येते. तीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या सगळ्यात छोट्या कप्प्याचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात आणि सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे हद्द २.२ टीबीच्या आसपास. ३ टीबीची डिस्क जोडली तर बऱ्याचदा ७४६ जीबीच दिसते, कारण हद्दीपलीकडचा आकडा पुन्हा शून्यापासून मोजला जातो. दुसरीकडे जीपीटी या नव्या पद्धतीने विभागलेली डिस्क एक्सपी 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह' म्हणून दाखवतो आणि आतला डेटा उघडत नाही.

काही यूएसबी केस (डिस्क बसवून बाहेरून जोडायची पेटी) ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवून ही हद्द ओलांडतात. चालतं ते, पण केस बिघडली आणि डिस्क काढून थेट साटाला (बोर्डावरच्या डिस्कच्या जोडणीला) लावली की विभाग गायब! बॅकअपसाठी ही पद्धत अजिबात नको.

आधीची एक भिंत १३७ जीबीची. ती ओलांडायला मूळ एक्सपीला सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टच्या सुधारणांचा संच) लागतो. सरळ ३ टाका. विंडोज २००० ला सर्व्हिस पॅक ३ किंवा ४ आणि शिवाय रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) 'एनेबल-बिग-एलबीए' ची किंमत १ हवी. हे न करता दुसरीकडे बनवलेला मोठा विभाग जोडला तर १३७ जीबीच्या पुढचं लिखाण डिस्कच्या सुरुवातीवर जाऊन पडतं. विंडोज ९८ च्या मूळ ड्रायव्हरचंही तेच, तिथे १२० जीबीच्या वर जाऊच नका.

आता खरी मेख. आजच्या डिस्कचे आतले सेक्टर ४०९६ बाइटचे असतात, बाहेर ५१२ चे दाखवतात. एक्सपी पहिला विभाग ६३व्या सेक्टरपासून सुरू करतो आतल्या एका सेक्टरात बाहेरचे ८ मावतात आणि ६३ ला ८ ने भाग जात नाही. त्यामुळे एकेका लिखाणासाठी डिस्कला दोन सेक्टर वाचून पुन्हा लिहावे लागतात; डिस्क नवी असूनही रखडते. म्हणून विभाग विंडोज ७ किंवा १० वर तयार करा. डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमध्ये 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क' आणि क्रमांक (इथे दोनदा बघा, 'क्लीन' विचारत नाही), 'क्लीन', 'कन्व्हर्ट एमबीआर', 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी अलाइन=१०२४', शेवटी एनटीएफएसने क्विक फॉरमॅट. विभाग प्रायमरीच ठेवा. लॉजिकल (एका मोठ्या विभागाच्या आतले) केले आणि नंतर एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये हात घातला, तर ते उडू शकतात.

जुनी डिस्क क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवली, तर ६३ चा घोळही सोबत येतो. एक्सपीत 'एमएसइन्फो३२' उघडून कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स इथे 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट' बघा: ३२,२५६ असेल तर चुकलं, १०,४८,५७६ असेल तर बरोबर.

चालू करताच ७बी कोडची निळी स्क्रीन आली तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय या नव्या पद्धतीवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर आणा, एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो. व्हीआयएच्या व्हीटी८२३७ चिपसेटच्या बोर्डावर डिस्क दिसतच नसेल, तर वेग १.५ गिगाबिटवर आणणारा जंपर (डिस्कच्या पिना जोडणारी छोटी टोपी) लावावा लागतो; पिना कुठल्या ते लेबलवर बघा.

२ टीबीहून जास्त साठा हवाच असेल तर मोठी डिस्क नव्या कॉम्प्युटरमध्ये बसवा आणि फायली नेटवर्कवरून पाठवा. विंडोजच्या फाइल शेअरिंगपैकी एक्सपीला फक्त एसएमबी १ हा जुना, असुरक्षित प्रकार कळतो, आणि तो विंडोज १० वर सुरू करणं म्हणजे सगळ्या ऑफिसचं दार उघडं ठेवणं. त्यापेक्षा नव्या कॉम्प्युटरवर एफटीपी (फायली पाठवायची वेगळी पद्धत) सर्व्हर लावा, एक्सपीला इंटरनेटपासून तोडा आणि सर्व्हरला फक्त त्या एका आयपी पत्त्याकडूनच जोडणी घेऊ द्या.