आई-बाबा, दोन मुलं आणि बर्लिनची दोन प्राणिसंग्रहालयं

बर्लिनमध्ये प्राणिसंग्रहालयं दोन आहेत. त्यामुळे मुलांनी ‘झू, झू’ असा धोशा लावला की आमच्या घरात आधी वाद रंगतो तो पश्चिमेच्या झूला जायचं की पूर्वेच्या, याचा. सासू-सासरे नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात ते नेमके मे-जूनमध्ये, सांगलीच्या उकाड्यातून सुटका म्हणून. मग आईंचे गुडघे, बाबांची चहाची वेळ, लेकीला हवा असलेला पांडा आणि धाकट्याचं ‘आत्ताच्या आत्ता’ हे सगळं एका दिवसात बसवायचं असतं. पुढच्या उन्हाळ्यात नणंद सहकुटुंब येते आहे. ‘कसं करायचं ते नीट लिहूनच पाठव,’ असा तिचा हुकूम आहे. तिच्यासारखेच आणखीही असतील म्हणून इथेच लिहिते.

दोन का, ते आधी सांगते, कारण बाबा तिकिटाच्या रांगेत हाच प्रश्न विचारतात. जुनं झू १ ऑगस्ट १८४४ ला उघडलं, जर्मनीतलं सर्वांत जुनं. प्रशियाच्या राजानं हाव्हेल नदीतल्या मोरांच्या बेटावर पाळलेले आपले प्राणी त्यासाठी देऊन टाकले. प्राणिशास्त्रज्ञ लिख्टेनश्टाइन यांनी हा घाट घातला आणि त्यांच्या पाठीशी उभे होते निसर्गशास्त्रज्ञ आलेक्सांडर फॉन हुम्बोल्ट. मुंबईच्या राणीच्या बागेत गर्दी खेचणारे हम्बोल्ट पेंग्विन ज्या समुद्रप्रवाहाच्या नावानं ओळखले जातात, त्या प्रवाहाला याच बर्लिनकराचं नाव आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते एकदम खूश झाले. परक्या गावात ओळखीचं कुणी भेटलं की माणूस होतो तसे.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी झू भुईसपाट झालं. साडेतीन हजारांहून जास्त प्राण्यांपैकी जिवंत राहिले ९१. त्यानंतर शहराची वाटणी झाली आणि झू पश्चिमेच्या वाट्याला गेलं. मग पूर्व बर्लिननं १९५५ मध्ये फ्रीडरिक्सफेल्डच्या जुन्या राजवाड्याच्या उद्यानात स्वतःचं प्राणिसंग्रहालय, टिअरपार्क, उभं केलं. लोकांनी श्रमदान केलं, वर्गण्या दिल्या. पुढची कित्येक वर्षं दोन्हीकडच्या संचालकांत चुरस होती, तुमच्याकडे अमुक तर आमच्याकडे तमुक. आता दोन्हींचा कारभार एकाच संचालकाकडे आहे, पण बर्लिनकर अजून आपापल्या बाजूचे. आमच्या इमारतीतल्या आजी पूर्वेच्या. त्यांच्यासमोर पश्चिमेच्या झूचं कौतुक मी जपूनच करते.

आता निवाडा. आई-बाबा पहिल्यांदाच आलेत, गुडघ्यांची तक्रार आहे, तर पश्चिमेचं जुनं झू. ते ३३ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबानं ऐंशी एकराच्या आसपास. बाकं भरपूर आणि स्टेशन अगदी दारात. टिअरपार्क १६० हेक्टर, जवळजवळ चारशे एकर! तिथे एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये नुसती झाडं आणि गवत. माझ्या नवऱ्याला तेच आवडतं, मलाही एकटी असले तर आवडेल. पण कडेवर मूल, मागे सासूबाई आणि समोर लांबलचक झाडांची रांग असली की निसर्गप्रेम आटतं.

नावांकडे लक्ष ठेवा. टिअरपार्क पूर्वेला, भुयारी मेट्रोच्या यू-५ मार्गावर. टिअरगार्टन म्हणजे शहराच्या मध्यातलं प्रचंड उद्यान आणि त्याच नावाचं एस-बानचं, म्हणजे इथल्या लोकलचं, स्टेशन. जुन्या झूसाठी उतरायचं ते ‘त्सोओलोगिशर गार्टन’ला. आमच्या ओळखीतले एक काका सहकुटुंब भलत्याच टोकाला पोचले होते आणि तिथून फोनवर ‘हत्ती कुठेय?’ विचारत होते.

दिवस शक्यतो मधला वार धरा. मे-जूनमध्ये सकाळी शाळांच्या सहली असतात, पण त्या दुपारी निघून जातात. रविवारची गर्दी संध्याकाळपर्यंत हलत नाही. झू वर्षभर रोज उघडं असतं, सकाळी नऊपासून. तिकीट घरूनच ऑनलाइन काढावं, दर दिवसागणिक बदलतो. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मत्स्यालय त्याच आवारात असलं तरी त्याचं तिकीट वेगळं, दोन्हींचं मिळून एकत्रही मिळतं. माझं मत विचाराल तर एका दिवसात दोन्ही करू नये. मासे पावसाळी दिवसासाठी राखून ठेवावेत आणि बर्लिनमध्ये तो दिवस फार वाट बघायला लावत नाही.

प्रवासाचं बघताना पाच जणांपर्यंतचा एकत्र पास मिळतो, सहा वर्षांखालची मुलं फुकट. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढायची इथे भारी हौस, मग ट्रेनऐवजी बस सोडतात. निघण्याआधी ॲपमध्ये ते बघायचं आणि स्टेशनची लिफ्ट चालू आहे ना तेही. बाबागाडी आणि आई दोघी सोबत असताना बंद लिफ्टसमोर उभं राहणं म्हणजे सहल घरीच संपल्यासारखं.

डब्याचं सविस्तर सांगते. आत खायला मिळतं, पण मुख्यतः सॉसेज, तळलेले बटाटे, केक. आमच्या आई शाकाहारी, अंडंही नाही. तळलेले बटाटे दुपारच्या जेवणाला चालवून घ्यावेत असं त्यांना अजिबात वाटत नाही. घरचं खाणं न्यायला हरकत नसते, जर्मन कुटुंबंही डबे उघडून बसलेली दिसतात. पातळ भाजी नको, सांडते. आमच्याकडे ठरलेलं असतं: आदल्या रात्रीच्या दशम्या, दाण्याची चटणी, काकडीचे काप, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमध्ये चहा. दही-भात नेला तर तो फक्त मुलांच्या डब्यात. इथे रविवारी दुकानं बंद असतात. रविवारीच जायचं असेल तर दूध, काकड्या, केळी शनिवारी संध्याकाळीच घरात हवीत. अडलंच तर मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी सापडतात, झूच्या स्टेशनातही. नळाचं पाणी पिण्याजोगं, बाटली घरून भरून न्यावी. विकत घेतलीच तर रिकामी बाटली टाकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की अनामत परत मिळते. बाबांनी हे कळल्यापासून लोकांनी बाकांवर सोडलेल्या बाटल्याही गोळा करायला सुरुवात केली, त्यावरून घरात एक छोटं महाभारत झालं, ते असो.

कपडे थरावर थर. सकाळी अकरा अंश, दुपारी चोवीस, मध्येच सर. आईंच्या साडीखाली लेगिंग आणि पायात बूट, यावर पहिल्या वर्षी बरीच बोलणी झाली. आता त्या स्वतःच बूट काढून ठेवतात.

आत गेल्यावर सगळं बघायचा हट्ट धरू नका. दाराशी नकाशा घ्यावा, प्रत्येकानं एक प्राणी निवडावा आणि ज्याचे पाय सगळ्यांत आधी दुखतात त्याचा प्राणी सगळ्यांत आधी. मुलांसाठी ओढायची चारचाकी लाकडी गाडी भाड्यानं मिळते, ती घ्याच. पोरं बसतात, दमली की झोपतात आणि मधल्या वेळात डबे, जॅकेटं, आईंची पर्स सगळं त्यात जातं.

लेकीचा प्राणी पांडा. मेंग मेंग आणि जिआओ छिंग ही जोडी २०१७ च्या जूनमध्ये चीनहून आली, त्यांच्या घराच्या उद्घाटनाला खुद्द तेव्हाच्या जर्मन चान्सलर मर्केल आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग हजर होते. पांडे चीनच्याच मालकीचे. इथे २०१९ मध्ये जन्मलेले जुळे २०२३ च्या डिसेंबरात चीनला रवाना झाले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा जुळ्या झाल्या. ‘म्हणजे प्राणी भाड्यानं आणलाय की!’ बाबा म्हणाले. तसंच आहे. मुलांना मात्र आधीच सांगून ठेवा की पांडा बांबू खातो नाहीतर झोपतो, तिसरं काही क्वचितच करतो.

धाकट्यासाठी पाणघोड्यांचं घर. तिथे काचेतून पाण्याखालचं दिसतं. वरून ओंडक्यासारखा पडलेला तो देह खाली तळावर अलगद पावलं टाकत चालताना बघून मोठी माणसंही हलत नाहीत. बाहेर क्नाउच्के नावाच्या पाणघोड्याचा ब्राँझचा पुतळा आहे. तो त्या ९१ जणांपैकी एक, १९४३ चा जन्म. युद्धानंतर माणसांनाच खायला नव्हतं, तरी बर्लिनकरांनी त्याला जगवलं. मुलं त्याच्या पाठीवर हात फिरवत होती आणि मी बाबांना हे सांगत होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बैल विकले होते.’

आईंना पाणघोडा, पांडा कशातच फारसा रस नव्हता. त्या रमल्या गोरिलांपाशी. फातू नावाची गोरिला इथे १९५९ मध्ये आली. एका खलाशानं मार्सेयच्या बारमध्ये बिलाच्या बदल्यात तिला दिलं होतं, असं सांगतात. २०२५ मध्ये तिचा अडुसष्टावा वाढदिवस साजरा झाला. दात गेलेले, सांधे धरलेले, कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून भाज्या तिला मऊ करून देतात. हे ऐकल्यावर आई म्हणाल्या, ‘बाई गं, हिचं आणि माझं एकच पथ्य.’ पुढे व्हिडिओ कॉलवर सगळ्या जावांना त्यांनी फातूचीच गोष्ट सांगितली.

आणि बाबा? शेळ्या. लहान मुलांसाठी शेळ्या-मेंढ्यांना हात लावता येतो असा एक कोपरा आहे. आयुष्यभर घरी जनावरं असलेला माणूस युरो मोजून आत आला आणि तासभर शेळ्यांत रमला. कुठली गाभण, कुठलीचे खूर वाढलेत, सगळं तपासून झालं. तिथल्या मुलीला ते मराठीत सांगत होते, ती जर्मनमध्ये उत्तरं देत होती आणि दोघांचं चांगलं जमलं होतं.

मोठी मुलं बरोबर असतील तर एक ठिकाण चुकवू नका: जुनं काळविटांचं घर, १८७२ चं. तिथे झूच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे. हे झू भागधारकांच्या पैशावर उभं राहिलं, त्यांत बर्लिनचे अनेक ज्यू होते. नाझी काळात त्यांना आपले शेअर विकायला भाग पाडलं आणि १९३९ पासून ज्यूंना झूची दारंच बंद झाली. माझ्या लेकीनं विचारलं, ‘मुलांनासुद्धा?’ हो, मुलांनासुद्धा. सहलीला हे कशाला, असं काही जण म्हणतील. इथल्या शाळांत हे लवकरच येतं, तेव्हा घरच्यांसोबत आधी ऐकलेलं बरं, असं मला वाटतं.

टिअरपार्कबद्दल थोडक्यात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला, किंवा बाबा रोज पाच किलोमीटर चालणारे असतील तर पहिल्यांदाही जा. ढिगाऱ्यांच्या टेकडीवर २०२२ मध्ये ‘हिमालय’ नावाचा विभाग उभारलाय, तिथे हिमबिबळ्या आणि लाल पांडा आहेत, पण चढ आहे. आवारातून छोटी गाडी फिरते, तिचं तिकीट वेगळं; पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसून वाढलेल्या नवऱ्यानं मुलांच्या आधी जागा पकडली. इथे लोक कुत्र्यांना साखळी लावून फिरायला आणतात. वाघासमोर उभा असलेला डॅशहुंड बघायचा असेल तर हीच जागा.

परतताना जुन्या झूपासून १०० नंबरची दुमजली बस घ्या. भिंत पडल्यावर १९९० मध्ये पूर्व-पश्चिम जोडायला सुरू झालेली ही बस विजयस्तंभ, संसदेचा घुमट, असं सगळं दाखवत आलेक्सांडरप्लात्सला नेते, तेही साध्या तिकिटात. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर आई-बाबांचं शहरदर्शन पुन्हा एकदा बसल्या बसल्या होतं. बाबागाडी असेल तर कुणी तरी खाली थांबायचं, बहुतेक वेळा ती मीच असते.

आई-बाबा पूर्ण तीन महिने राहणार असतील तर एकेका तिकिटाऐवजी वर्षाचा पास काढून बघा, काही फेऱ्यांत वसूल होतो. आणि ज्या दिवशी काहीच जमत नाही पण मुलं ऐकत नाहीत, त्या दिवशी झूला लागून असलेल्या ‘बिकिनी बर्लिन’ या मॉलमध्ये जा. मागच्या बाजूच्या मोठ्या काचेतून माकडांचा खडक सरळ दिसतो, तिकीट लागत नाही. बाहेर पडताना आइस्क्रीमचा हट्ट मात्र ठरलेला, ते फुकट नाही.