तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रायव्हरला किती सुटतात?

लग्नाच्या पंगतीत, दहाव्याला, गावच्या पारावर, मी दिसलो की हाच प्रश्न. "काय अण्णा, गाडीवर महिन्याला किती सुटतात?" विचारणाऱ्याचा पोरगा गावात छोटा हत्ती चालवून कंटाळलेला असतो. मी आकडा सांगतो, बाप खूश होतो, आणि मला उगाच खोटं बोलल्यासारखं वाटत राहतं.

आकडा असा. बारा टायरची गाडी, निफाड तालुक्यातून कांदा भरून दिल्ली. पगार 18,000 आणि दिवसाला 500 भत्ता. जाऊन-येऊन एका फेरीला मालक नऊ दिवस धरतो, म्हणजे फेरीला 4,500. महिन्याला तीन फेऱ्या बसल्या तर 31,500. जेवण, चहा, अंघोळ त्या भत्त्यातूनच. पण तीन फेऱ्या बसत नाहीत. नऊ दिवस चालवायला पुरतात, थांबायला पुरत नाहीत.

मागच्या पावसाळ्यात परतीच्या भाड्याचा माल खाली करायला एका कारखान्यावर शनिवारी दुपारी पोचलो. स्टोअरचे साहेब निघून गेले होते. रविवारी सुट्टी. सोमवारी माझ्या पुढे चौदा गाड्या. मंगळवारी संध्याकाळी गाडी वजनकाट्यावर चढली, तर पायात सेफ्टी बूट नाहीत म्हणून वॉचमनने पुन्हा मागे घ्यायला लावली. टपरीवर बूट भाड्याने मिळतात. माझ्या मापाचे नव्हते, लहानच घालून आत गेलो. संडास गेटच्या आत आणि आम्ही चार दिवस गेटच्या बाहेर. पाणी टपरीवाल्याकडून विकत. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे मालकाला मिळाले की नाही कोण जाणे, माझा भत्ता नऊ दिवसांवर थांबला होता.

डिझेलचा हिशोब आणखी वेगळा. दिल्ली साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास. मालक लिटरला चारचं अ‍ॅव्हरेज धरून जायला 315 लिटर देतो. वाचलं तर माझं, जास्त लागलं तर पगारातून कापतात. म्हणून काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडून महाराष्ट्रात पळासनेरला येताना बिजासन घाट लागतो. तिथे भरलेली गाडी न्यूट्रल केली की इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि खाली येईपर्यंत पायाखाली काही लागेनासं होतं. तापलेल्या ब्रेकचा वास एकदा आला की आयुष्यभर ओळखता येतो. मला शिकवणाऱ्या उस्तादाचा नियम साधा होता: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. दोन लिटर जाऊ दे.

काम म्हणजे नुसतं चालवणं, असं बाहेरून दिसतं. सिमेंट भरलं की ढाब्यावर बाजेवर झोपता येतं. कांदा झोपू देत नाही. पन्नास किलोच्या पाचशे गोण्या, वर ताडपत्री. ताडपत्री घट्ट बांधली तर आत वाफ धरते आणि कांदा सडतो. मोकळी ठेवली तर पावसात भिजतो आणि तरीही सडतो. मग आभाळ बघत जायचं. पाऊस थांबला की गाडी कडेला घ्यायची, बाजूचे रस्से सैल करून कोपरे उचलून बांधायचे, गोण्यांमध्ये कोपरापर्यंत हात घालून बघायचा. आत ऊब लागली की समजायचं. टायरला टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा मारून आवाज ऐकणं तर रोज सकाळी आहेच. आतल्या जोडीतलं एखादं बसलेलं असलं तर बाहेरून कळत नाही. पूर्वी ही कामं किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर करायचा. आता बहुतेक गाड्यांवर तो नाही, त्याची सीट रिकामी असते आणि त्याचं काम माझ्याकडे असतं.

कागदांचं विचाराल तर ते फार नाही. वय 20 पूर्ण, हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं, डॉक्टरचा दाखला, मग ट्रान्सपोर्टचं लायसन्स. ते दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं. आठवी पासची अट 2019 साली गेली. गंमत म्हणजे वाचता येण्याची गरज तेव्हापासून वाढलीच. कांद्याला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, लागत नाही, पण परतीच्या मालाला बहुतेक वेळा लागतं, आणि त्याला 200 किलोमीटरला एक दिवस असा हिशोब असतो. मुदत संपत आली की फोन लावत बसायचं. फास्टॅगमध्ये पैसे नाहीत, तरी फोन. जीपीएसवर गाडी दोन तास एका जागी दिसली की मालकाचा फोन. झोपलो होतो म्हटलं तर त्याला पटत नाही. 2025 साली नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, चांगलं झालं. माझी गाडी त्याआधीची.

परवा चुलतभावाने पुन्हा तेच विचारलं, पोरगं शेजारीच उभं होतं. मी आकडा सांगितला नाही. म्हटलं, गुरुवारी रात्री पिंपळगावला भरतोय, ये एक फेरी. किन्नरची सीट रिकामीच आहे. चादर आणि ताट घरून आण, आणि बूट तुझ्या मापाचे आण.