बादली भरत नव्हती

‘एसी सारखा चालू-बंद होतोय’ ही तक्रार मे महिन्यात आम्हा एसीवाल्यांना रोजच येते. बहुतेक ठिकाणी फिल्टर धुळीने गच्च भरलेला निघतो आणि अर्ध्या तासात काम संपतं. ठाण्यात घोडबंदर रोडच्या त्या घरी मात्र माझ्याआधी दोघे जण येऊन गेले होते. पहिल्याने गॅस भरला. दुसऱ्याने ‘पीसीबी गेलाय’ म्हणून एसीच्या नव्या कंट्रोल बोर्डाचे पैसे आगाऊ मागितले. एसी होता तसाच.

बेडरूममध्ये काकूंच्या सासूबाई पलंगावर होत्या. नव्वदीचं वय, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, कूस बदलायलाही कुणीतरी लागायचं. एसी चालू आणि तरी चादर दमट, मानेखाली घाम. काकू म्हणाल्या, “दादा, दोन मिनिटं गार वाटतं, मग नुसता पंखा. आईंना रात्रभर झोप नाही.”

माझ्या हेल्परने लगेच गॅसचा दाब मोजायचे गेज काढायला घेतले. त्याला थांबवलं. चालू-बंदची तक्रार असली की मी आधी हत्यार काढत नाही, घड्याळ काढतो. आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, वायरला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर अडकवला, रिमोटवर २४ लावलं आणि बाल्कनीत स्टूल घेऊन बसलो. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, सव्वादोन मिनिटं चालला आणि कट झाला. तीन मिनिटं बंद. पुन्हा उठला, पुन्हा दोन मिनिटांच्या वर थोडा चालला, पुन्हा कट. आणि मधली थांब दर वेळी तीनच मिनिटांची, जराही इकडेतिकडे नाही.

सगळं उत्तर त्या तीन मिनिटांत होतं. कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा गॅसचा दाब एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. कॅपिलरी नावाच्या बारीक नळीतून तो सारखा व्हायला वेळ लागतो. त्याआधीच पुन्हा सुरू केला तर मोटर फिरत नाही, नुसता करंट ओढत घुं घुं करते. म्हणून बोर्डातच साधारण तीन मिनिटांची सक्तीची थांब घातलेली असते. इथे ती थांब संपली रे संपली की मशीन उठत होतं. म्हणजे खोली गरमच होती, हे मशीनला कळत होतं. मग चालू झाल्यावर दोनच मिनिटांत ‘झाली गार’ असं त्याला का वाटत होतं?

कॉम्प्रेसर फार तापला की त्याला बंद करणारा ओव्हरलोड ट्रिप होत असता तर कॉम्प्रेसरचं अंग निवेपर्यंत वाट बघावी लागली असती. त्याला तीन मिनिटं पुरत नाहीत, वीस मिनिटंही लागतात, आणि दर वेळची थांब वेगळी निघते. गॅस कमी असता तर कॉम्प्रेसर खोली गार करता करता तासन्‌तास चालत राहिला असता. आणि बिघडलेला बोर्ड इतका वक्तशीर नसतो. मीटरवरही उठताना करंटची एक उडी दिसायची आणि मग काटा नीट बसायचा, म्हणजे मोटर सुरू करून देणारा कपॅसिटरही ठीक.

तेवढ्यात पायाशी ठेवलेल्या बादलीकडे लक्ष गेलं. ड्रेन पाइप तिच्यात सोडला होता आणि तळाला जेमतेम ओंजळभर पाणी. मी काकूंना विचारलं, ही शेवटची कधी रिकामी केली? “मागच्या वर्षी दिवसातून दोनदा ओतायचे झाडांना. यंदा भरतच नाही.”

मे महिन्यात ठाण्याची हवा म्हणजे ओला टॉवेल. दार-खिडक्या लावून एसी नीट चालला तर पाइपाला धार नाही, तरी टपटप लागलीच पाहिजे. पण आतल्या युनिटमधली गार नळ्यांची कॉइल थंड झाल्यावर तिच्या पत्र्यांवर आधी दव धरतं, ते साचतं, मग ओघळून ट्रेमध्ये येतं. याला काही मिनिटं जातात. कॉम्प्रेसर त्याआधीच कट झाला, तर आतला पंखा, म्हणजे ब्लोअर, चालूच असल्यामुळे तेच पाणी पुन्हा हवेत उडून खोलीत येतं. आईंची चादर दमट का होती, ते मला बादलीपाशी कळलं. लोक आकड्याकडे बघतात, २४ की २२. घामेजलेल्या माणसाला मात्र आकड्याइतकीच कोरडी हवाही लागते, आणि ती फक्त कॉम्प्रेसर सलग चालला तरच मिळते.

काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. रात्री वैतागून त्या १८ लावायच्या. तेव्हा कॉम्प्रेसर जरा जास्त वेळ चालायचा, पण सकाळी कॉइलवर बर्फ धरलेला असायचा. तो बर्फ बघूनच पहिल्या मेकॅनिकने गॅस कमी आहे असं ठरवलं. गॅस कमी असला की बर्फ धरतो हे खरंच. पण कॉइलवरून पुरेशी गरम हवा गेली नाही तरी बर्फ धरतो, हे बघायचं राहून गेलं.

मग खोलीत जाऊन मान वर केली. इनडोअर युनिट दिसतच नव्हतं! दिवाळीआधी घराचं फर्निचर केलं होतं आणि सुताराने एसीभोवती वरपासून खालपर्यंत सुबक खोकं बांधून पुढे सागवानी पट्ट्यांची जाळी लावली होती. हिवाळाभर एसी बंदच, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मार्चमध्ये चालू केल्यापासून त्रास.

खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर इनडोअरच्या आतच असतो, फिल्टरमागे, कॉइलच्या जरा पुढे. मशीन वरून जी हवा ओढतं, ती तो मोजतो. मी एक थर्मामीटर आईंच्या उशाशी ठेवला आणि एक जाळीतून आत, युनिटच्या डोक्यावर. कॉम्प्रेसर कट झाला त्या क्षणी उशाशी ३० होतं आणि खोक्यात २२. काकांना आकड्यांवरून पटेना, म्हणून काकूंकडून देवघरातली उदबत्ती मागून घेतली. कॉम्प्रेसर चालू असताना ती जाळीच्या खालच्या पट्टीपाशी धरली. धूर बाहेर खोलीत यायला हवा होता. तो पट्टीवर आपटला, वळला, जाळीच्या आतल्या बाजूने सरळ वर चढला आणि युनिटच्या डोक्यातून आत गेला. काका खुर्चीवर उभे राहून बघत होते. दोनदा दाखवायला लावलं त्यांनी.

एसी खोक्यातली हवा गार करत होता आणि सेन्सर खोक्यातलं तापमान वाचत होता. त्या हिशेबाने तो चोख काम करत होता. कॉम्प्रेसर बंद झाला की ब्लोअरमुळे खोलीतली गरम हवा पट्ट्यांमधून झिरपून आत यायची, सेन्सर तापायचा, तीन मिनिटं भरायची, पुन्हा तेच. तासाला अकराएक वेळा. उठताना मोटर दर वेळी नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढते, वाइंडिंग तापतं. आणखी एक-दोन उन्हाळे असे गेले असते तर कॉम्प्रेसर खरोखरच गेला असता, आणि तेव्हा कुणी सुताराला विचारायला गेलं नसतं.

पट्ट्या काढायचं म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला, आणि ते मी समजू शकतो. लाकूड चांगलं होतं, पैसे मोजून केलेलं काम होतं. पण आतून आईंचा आवाज आला, “काढा हो ते. शोभा कुणाला दाखवायची आहे?” आम्ही जाळी उतरवली आणि खोक्याची वरची फळीही काढली. युनिटच्या वर पाच-सहा इंच मोकळी जागा लागतेच आणि समोर काहीही नको, पडदासुद्धा.

मग गेज लावले. गरज नसताना भरलेल्या गॅसमुळे दाब वाढलेला होता. सगळा गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, व्हॅक्यूम केला आणि आउटडोअरच्या प्लेटवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढाच काट्यावर तोलून परत भरला. इथे मला जरा मोठ्याने बोलायचंय. एसीमधला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक शोधून बंद केल्याशिवाय ‘टॉप-अप’ करणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे हवेत सोडणं. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणारी घरं मी बघतो तेव्हा आमच्याच धंद्याचा राग येतो.

पुन्हा चालू केल्यावर कॉम्प्रेसर दहा-बारा मिनिटं सलग चालला, मग बाल्कनीतून टपटप ऐकू आली. काकू धावत बघायला गेल्या. तरीही अजून सलग चालायला हवा होता, आणि याचं कारण मशीन विकत घेतानाचं. खोली दहा बाय अकरा आणि एसी दोन टनाचा. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट गार करायची ताकद, विजेचा खप नव्हे. एवढ्या खोलीला, वरती गच्ची नसेल तर, एक टन भरपूर होतो. दुकानदाराने ‘लवकर थंड होईल’ म्हणून मोठा गळ्यात मारला. लवकर थंड होतो म्हणूनच तो लवकर बंद होतो, आणि दमटपणा तिथेच राहतो. ते मशीन बदला असं मी सांगितलं नाही, चांगलं चालणारं मशीन होतं. पंखा सगळ्यात कमी वेगावर ठेवा, २५-२६ लावा, पावसाळ्यात ड्राय मोडवर चालवा, एवढं सांगितलं. कमी वेगात हवा कॉइलवरून सावकाश जाते आणि पाणी जास्त सोडते. इन्व्हर्टर एसी असता तर त्याने कॉम्प्रेसरचा वेग कमी करून पुष्कळ सांभाळून घेतलं असतं, पण तोही एका मर्यादेच्या खाली जाऊ शकत नाही. छोट्या खोलीत मोठा इन्व्हर्टर लावला तर तोही असाच चालू-बंद होतो.

माझा भाचा कॅनडात असतो. तिकडे घर गरम करणाऱ्या गॅसच्या फर्नेसचंही हेच दुखणं. बर्नर पेटायचा, थोड्या वेळाने विझायचा, पंखा चालू राहायचा, परत पेटायचा. फोनवर त्याला आधी फिल्टर बघायला सांगितलं. हवा नीट जात नसेल तर भट्टीचं आतलं धातूचं अंग वाजवीपेक्षा तापतं आणि लिमिट स्विच सुरक्षेसाठी जाळ बंद करतो. फिल्टर काळाकुट्ट निघाला.

काकांनी नंतर तोच सुतार बोलावून फक्त दोन्ही बाजूंच्या फळ्या ठेवून घेतल्या, वर आणि पुढे मोकळं. सुताराला कुणी सांगितलंच नव्हतं तर त्याचा तरी काय दोष! म्हणून फर्निचर करून घेणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी सांगून ठेवलंय, एसीभोवती काहीही बांधायच्या आधी मला बोलवा. कुठे फळी चालेल आणि कुठे नाही ते भिंतीवर पेन्सिलने आखून देतो. त्याचे पैसे मी घेत नाही.