ब्लोअर मोठा करण्याआधी हूडपाशी जाऊन बघा

कोल्हापूर पट्ट्यातल्या फाउंड्र्यांत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांत, मी ऊर्जा ऑडिट करते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. धातू वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसला टनामागे किती युनिटं लागतात हे इथल्या कुठल्याही मालकाला झोपेतून उठवून विचारा, दशांशासकट सांगेल. धूळ ओढून गाळणाऱ्या डस्ट कलेक्टरला किती लागतात असं विचारलं की उत्तर येतं, "त्यो काय, चालूच असतोय की मॅडम."

चालूच असतो, म्हणून तर हिशेब मांडायचा. नॉकआउटवरचा, म्हणजे वाळूचा साचा फोडून कास्टिंग काढतात तिथला, मध्यम आकाराचा कलेक्टर धरा. तासाला २०,००० घनमीटर हवा, आणि हूड (धूळ ओढणारं तोंड), डक्ट (हवेचा नळ), बॅगा (कापडी गाळण्या), चिमणी या सगळ्यांतून ती ओढायला २५० मिलिमीटर पाण्याइतका दाब. ब्लोअरची, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याची, कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर शाफ्टवर २१ किलोवॅट लागतात, मोटरमधला तोटा मिळवून मीटरवर २३च्या आसपास. दोन पाळ्या आणि वर्षाचे ३०० दिवस म्हटलं तर सुमारे १ लाख १० हजार युनिटं. साडेआठ रुपये युनिटने नऊ लाखांच्या वर जातात. आणि हे सगळं नीट चाललंय असं धरून. प्रत्यक्षात "असू दे जरा जास्त" म्हणून ४० एचपीची मोटर बसवलेली असते आणि डॅम्पर (हवा अडवणारी झडप) अर्धा मिटलेला असतो. एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामी न येणारा प्रवाहही धरून, येतं, त्यामुळे अर्ध्या भारावर घरघरणाऱ्या मोटरचा खराब पॉवर फॅक्टरही थेट बिलात उतरतो.

मालकांचं म्हणणं ठरलेलं असतं: हा खर्च कायद्याचा आहे, त्यात वाचवायचं काय? मला हे पटत नाही. उलट कायदा नीट वाचला तर निम्मी बचत त्यातच लिहून ठेवलेली आहे.

आधी चिमणीचा कायदा. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मध्ये फाउंड्र्यांसाठी धुळीची मर्यादा आहे: तासाला ३ टनांहून कमी वितळवणाऱ्या क्युपोलाला (कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीला) नॉर्मल घनमीटरमागे ४५० मिलिग्रॅम, ३ टन आणि त्यापुढच्या क्युपोलाला १५०, आर्क आणि इंडक्शन फर्नेसलाही १५०. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाना चालवायच्या संमतिपत्रात याहून कडक आकडा घालू शकतं, त्यामुळे नियमांच्या आधी आपलं संमतिपत्र उघडा. चिमणीची उंची किती असावी याचंही सूत्र आहे, ताशी किती टन धूळ बाहेर पडते त्याचा ०.२७ वा घात गुणिले ७४. हे सगळं माहिती असतं, निदान कन्सल्टंटला तरी.

पण या आकड्यात एक गंमत आहे. तो एका घनमीटर हवेत किती धूळ आहे ते सांगतो, एकूण किती धूळ पकडली ते नाही. आता समजा नॉकआउटवरचं हूड इतकं उंच टांगलंय की धूळ त्याच्यापर्यंत पोचतच नाही, शेडमध्ये पसरते. चिमणीतून काय जाणार? स्वच्छ हवा. किंवा ब्लोअरच्या आधी डक्टचा जोड (फ्लँज) गळतोय आणि बाहेरची हवा आत शिरतेय. पुन्हा चिमणीतला आकडा खाली. प्रयोगशाळेची माणसं येतात, पोर्ट होलमधून नळी घालून नमुना घेतात, अहवाल उत्तम येतो. धूळ मात्र कामगाराच्या नाकात आणि वीज वाऱ्यावर. अशी उत्तम अहवालवाली शेड मी पाहिली आहे, जिथे दुपारच्या तिरप्या उन्हात पलीकडची क्रेन दिसत नव्हती.

आता दुसरा कायदा, जो फाइलमध्ये मागे असतो. कारखाने अधिनियम, १९४८, कलम १४. त्याचा आशय असा, की धूळ काढायला एक्झॉस्ट लागत असेल तर तो धूळ जिथे उठते त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ लावायचा, आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करायची. चार कामगार संहिता आल्यानंतर हा अधिनियम जुन्या कपाटात गेला, पण ऊर्जाबचतीवर माझ्या वाचनात याहून नेमका सल्ला आलेला नाही. त्याच अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत श्वासातून आत जाणाऱ्या सिलिकायुक्त धुळीची मर्यादा आहे: १० भागिले (क्वार्ट्‌झची टक्केवारी अधिक २). धुळीत १८ टक्के क्वार्ट्‌झ असेल तर घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम. चिमणीत १५० चालतात, कारण ते वर जाऊन विरळ होतात. माणसाच्या नाकापाशी अर्धा. मोल्डिंगची वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झच, आणि सिलिकोसिस हा त्याच अधिनियमातला अधिसूचित आजार. चिमणीचा अहवाल चांगला आला म्हणजे हे प्रकरण मिटलं असं नाही.

जवळ लावायचं म्हणजे किती फरक पडतो? फुंकर मारून हातभरावरचा दिवा विझतो. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून बघा. ब्लोअरच्या ओढीचंही तेच. साध्या उघड्या हूडसाठी हिशेब असा आहे: अंतराचा वर्ग गुणिले दहा, त्यात तोंडाचं क्षेत्रफळ मिळवा, आणि धुळीपाशी जो वेग हवा त्याने गुणा. ०.१ चौरस मीटर तोंडाचं हूड धुळीपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कंसातला आकडा १ येतो. तेच ६० सेंटिमीटरवर नेलं तर ३.७. म्हणजे हूड फक्त फूटभर मागे सरकलं आणि पावणेचारपट हवा लागायला लागली. ही जास्तीची हवा डक्टमधून जाणार, बॅगांतून जाणार, तिला मोठा ब्लोअर लागणार, मोठी चिमणी लागणार. सगळ्या खर्चाचं मूळ त्या फूटभरात.

मग हूड लांब का असतात? मूर्खपणा म्हणून नव्हे. फेटलिंग शॉपमधल्या (जिथे कास्टिंग घासून साफ करतात) एका जुन्या मामांनी मला सरळ सांगितलं, "मॅडम, खाली आणलं की डोकं आपटतंय. होइस्टची साखळी अडकतीय. आम्हीच वर बांधलंय त्ये." त्यांचं बरोबर होतं. ड्रॉइंगमध्ये हूड जिथे होतं तिथे काम करणारा माणूस ड्रॉइंगमध्ये नव्हता. शिवाय डोक्यावरच्या हूडचा आणखी एक घोळ: ओढलेली धूळ माणसाच्या तोंडासमोरूनच वर जाते. ग्राइंडिंगला खालून ओढणारं टेबल किंवा मागच्या बाजूचं, कडेला पट्टी लावलेलं हूड बरं. नॉकआउटला तीन बाजूंनी पत्रा आणि पुढे जाड रबरी पट्ट्यांचा पडदा. फॅब्रिकेशनवाला हे आठवडाभरात करून देतो, आणि त्यात कुठेही इलेक्ट्रॉनिक्स नाही.

इलेक्ट्रॉनिक्सवरून आठवलं, व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र. ऑडिटर आला म्हणजे व्हीएफडी सांगून जाणार, असा आमचा लौकिक आहे. पंख्याचा नियम खरा आहे: वेग ८० टक्के केला की वीज घनाने उतरते, ५१ टक्क्यांवर येते. ब्रोशरमध्ये हेच असतं. ब्रोशरमध्ये दोन गोष्टी नसतात. एक, बॅगांमधला दाब हवेच्या प्रमाणातच घटतो, वर्गाने नाही, त्यामुळे प्रत्यक्षात बचत त्याहून कमी भरते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाळू डक्टमधून वाहून न्यायला सेकंदाला १८ ते २० मीटर वेग लागतो. तुम्ही डक्ट २० वर बेतलाय आणि वेग ८० टक्के केला, तर आत १६ उरतात. वाळू आडव्या डक्टमध्ये बसायला लागते, काही महिन्यांनी डक्टच्या तळाशी थर, मग सपोर्ट वाकतो, आणि मामा हातोडीने डक्ट ठोकत बसतात. त्या थराने हवा आणखी अडते, तिकडे धूळ शेडमध्ये, आणि दोष "छोट्या" ब्लोअरला.

भार कायम एकसारखा असेल आणि डॅम्पर वर्षानुवर्षं अर्धा मिटलेला असेल, तर व्हीएफडी नकोच. मोटरची पुली लहान करा, डॅम्पर पूर्ण उघडा. डक्टमधली हवा तेवढीच राहते, फक्त ब्लोअर डॅम्परशी भांडायचं थांबतो. व्हीएफडी तिथे, जिथे एका ब्लोअरवर अनेक शाखा आहेत आणि त्या आलटून पालटून चालतात. तेही मुख्य डक्टमध्ये किमान वेग राखूनच. शॉट ब्लास्ट (छर्रे मारून कास्टिंग साफ करणारं यंत्र) आणि सँड प्लांट एकाच कलेक्टरवर जोडले असतील तर बहुतेकदा दोन वेगळे कलेक्टर हेच उत्तर असतं. ते कुणाला ऐकायचं नसतं, कारण मधे भांडवली खर्च येतो.

बॅगांकडे वळू. बॅगेवर बसलेला धुळीचा पातळ थरच खरा गाळणारा असतो. टायमरवर दर काही सेकंदांनी फाटफाट पल्स (बॅग झटकणारा दाबाच्या हवेचा झोत) मारत राहिलं की तो थर टिकत नाही, बारीक धूळ कापडात शिरते, बॅगा लवकर मरतात आणि कॉम्प्रेस्ड एअर फुकट जाते. बॅगांचा दाब दाखवणारं मॅग्नेहेलिक गेज बघा, १०० ते १५० मिलिमीटरच्या पट्ट्यात ठेवा, आणि दाब वाढला तरच पल्स मारणारा कंट्रोलर बसवा. आमच्या २०,००० घनमीटरच्या कलेक्टरवर बॅगांचा दाब ५० मिलिमीटरने कायमचा चढला तर साडेचार किलोवॅट जातात, वर्षाला पावणेदोन लाखांच्या पुढे. बॅगांचा अख्खा संच बदलायचं कोटेशन या आकड्याशेजारी ठेवून बघा. पल्स सोडणाऱ्या सोलेनॉइड झडपेपाशी कुठे फुसफुस ऐकू येत असेल तर तीही हिशेबात घ्या. सहा-सात बार दाबावर तीन मिलिमीटरचं एक छिद्र कॉम्प्रेसरचे तीनेक किलोवॅट खातं.

आमच्याकडच्या पावसाळ्याचं वेगळं. ओल्या हवेत बेंटोनाइट (साच्याच्या वाळूतली चिकणमाती) बॅगेवर लापशीसारखा बसतो. गरम वाळूची वाफ, बाहेर थंड पत्रा, आणि हॉपरच्या (खाली धूळ साठते त्या भांड्याच्या) भिंतीवर पाणी. जून ते सप्टेंबरमध्ये पाळी संपल्यावर ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं नुसता चालू ठेवा, बॅगा कोरड्या करा, मग बंद करून पल्स मारा. इथे मी वीज जाळायलाच सांगते. आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून चिमणीवर बसवलेली ती पत्र्याची टोपी काढा. ती हवा खाली ढकलते आणि वर दाबही खाते. चिमणीच्या तोंडाभोवती थोडा मोठा नळकांडा बसवला की पाणी त्याच्या कडेने निथळतं आणि धूर सरळ वर जातो.

शेवटचा मुद्दा मीटरचा. मंडळाच्या संमतिपत्रात एक सर्वसाधारण अट असते, प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला स्वतंत्र वीजमीटर बसवण्याची. उद्देश हा, की यंत्रणा खरंच चालते का ते कळावं. पण यातून भलतीच भीती तयार झाली आहे. एका मालकांना मी हूड बंदिस्त करून हवा कमी करायला सांगितलं, तर ते म्हणाले, "युनिटं कमी दिसली तर म्हणतील, बंद ठेवता." म्हणून जेवणाच्या सुट्टीत, साच्यांची वाट बघताना, ब्लोअर पूर्ण वेगाने फिरत होता. मीटर फिरलं पाहिजे म्हणून.

यावर उपाय कागदाचाच आहे. मीटरच्या नोंदवहीत युनिटांशेजारी आणखी तीन रकाने आखा: त्या पाळीत किती टन नॉकआउट झालं, बॅगांचा दाब किती, हॉपरमधून किती किलो धूळ निघाली. युनिटं उतरली आणि धुळीचे किलो वाढले, तर कुणीही प्रश्न विचारू दे. त्या मालकांना हे पटलं, निदान रकाने तरी आखले गेले. हूडचं काम दिवाळीच्या सुट्टीत, लाइन बंद असताना करायचं ठरलंय. पत्र्याचं माप मामांनीच घेतलंय, होइस्टची साखळी सोडून. आधीची आणि नंतरची मोजमापं हाती आली की टनामागच्या युनिटांसकट इथे टाकीन.