बुकिंगच्या खिडकीतले हात

गेल्या महिन्यात आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. त्या निमित्ताने इंदूरच्या स्नेहलतागंजातले आमचे जुने शेजारी बऱ्याच वर्षांनी एका ठिकाणी जमले. आता कुणी सुदामा नगरात राहतं, कुणी राजेंद्र नगरात, कुणी मुलाकडे पुण्याला. जेवणं झाली, बायका सतरंजीवर पाय मोकळे करून बसल्या आणि कुणीतरी विचारलं, "आपल्या टॉकीजच्या जागी आता काय आहे गं?"

"मोटारसायकलींचं शोरूम," मी म्हटलं. पुढचे दोन तास मग दुसरा विषयच निघाला नाही.

टॉकीजचं नाव इथे लिहीत नाही. खरं तर आम्हीही ते फारसं घेत नसू. इंदूरात टॉकीजची नावं चौकांना लागतात. रीगल चौक, मधुमिलन चौक, आजही रिक्षावाल्याला हेच सांगावं लागतं. आमच्या टॉकीजच्या नशिबी चौक आला नाही. कापड गिरण्यांच्या भागाकडे, मिल एरियाकडे, जाणाऱ्या रस्त्याला ती एकटीच उभी होती आणि आमच्यासाठी ती नुसती 'टॉकीज' होती. कुठे निघालात? टॉकीजवर. एवढं पुरत असे.

आत्याच्या जाऊबाईंना पडदा आठवत होता, लाल मखमलीचा, घंटा झाली की सावकाश वर जाणारा. आत्या म्हणाली, हिरवा होता. दोघींनी आपापला रंग शेवटपर्यंत सोडला नाही. माझ्या चुलतभावाला ढेकूण आठवत होते. सिनेमाहून आलं की आजी अंगणातच उभं करून कपडे झटकायला लावायची, मगच घरात घ्यायची. कुणी मध्यंतरातल्या गोटीसोड्याचं सांगितलं, कुणी रीळ तुटल्यावर अंधारात उठणाऱ्या शिट्ट्यांचं. आमच्या शेजारच्या बाई पुढे शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "भाक्रा धरण मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी टॉकीजमध्ये पाहिलं." मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र दाखवणं तेव्हा बंधनकारक होतं. लोक त्या वेळात पान लावून घ्यायचे, पण बाई दहा मिनिटं आधी जाऊन बसायच्या.

रात्री नऊचा खेळ सुटला की सराफ्यात जायचं, गरम भुट्ट्याचा कीस खायचा आणि कुडकुडत घरी यायचं, हे मात्र सगळ्यांच्याच आठवणीत होतं.

मी बराच वेळ गप्प होते. माझ्या आठवणीत पडदा फार थोडा आहे. माझे वडील त्या टॉकीजचे बुकिंग क्लार्क होते आणि मी टॉकीज पाहिली ती बुकिंगच्या खोलीतून.

खोली कसली, कोठडीच ती. एक उंच स्टूल, समोर लाकडी फळी, फळीखाली खण आणि दोन बाजूंच्या भिंतींत दोन खिडक्या, एक पुरुषांची, एक बायकांची. बाबा स्टुलावर बसून इकडून तिकडे फिरायचे. खिडकीला लोखंडी जाळी होती, पण एकदा गर्दीच्या रेट्याने ती वाकली म्हणून मालकांनी आतून पत्रा ठोकून घेतला. त्यानंतर उरलं ते फक्त खालचं अर्धगोल भोक, एक मूठ जेमतेम जाईल एवढं. शाळा सुटली की मी बाबांचा डबा घेऊन जायची आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीवर बसून राहायची. तिथून मला दिसायचे ते हात.

मिलमधल्या माणसांचे हात लगेच कळत. हातावरच्या केसांवर कापसाचं पीस अडकलेलं असायचं आणि मुठीबरोबर तेलाचा वास आत यायचा. कॉलेजातल्या मुलांच्या बोटांना शाई असायची. बायका पैसे रुमालाच्या गाठीत आणत, गाठ भोकाच्या आत आल्यावर सोडत, म्हणजे मागच्या बाईला किती आहेत ते दिसू नये. पोरांचे हात कोपरापर्यंत आत यायचे, कारण त्यांना तिकीट दिसायचं नसे, चाचपडावं लागे. नवा सिनेमा लागला की शुक्रवारी एकाच वेळी तीन-तीन मुठी त्या भोकात घुसू बघत आणि बाहेरून आवाज यायचा, "भिया, चार अपर देना!" कुठल्या मुठीतले पैसे आणि कुठल्या मुठीला तिकीट, यात बाबांची चूक झालेली मी पाहिली नाही. बोटात नागाची अंगठी असलेला एक हात होता. तो दर खेळाला यायचा, आणि चारच्या वर एकही तिकीट बाबा त्याला देत नसत. ती तिकिटं बाहेर पानाच्या ठेल्यामागे दुपटीने विकली जात, हे त्यांना माहीत होतं.

काम दिसतं तसं सोपं नव्हतं. तिकिटांच्या पातळ कागदाच्या गड्ड्या असत, दर्जाप्रमाणे रंग वेगळा. तिकिटाचा मूळ दर आणि त्यावरचा मनोरंजन कर असे दोन आकडे छापलेले असत, त्यामुळे बेरीज कधी सरळ रुपयात यायची नाही. सुट्या पाच-दहा पैशांच्या चळती फळीवर लावून ठेवाव्या लागत. वरच्या दर्जाच्या तिकिटांवर खुर्चीचा नंबर हाताने लिहायचा आणि समोरच्या तक्त्यावर त्या खुर्चीवर फुली मारायची. त्यासाठी बाबांकडे लाल-निळी पेन्सिल होती, निळ्या टोकाने बालकनी, लाल टोकाने अपर. त्यांची उजवी करंगळी लहानपणी सायकलवरून पडून वाकडी बसली होती. तिकीट सरकवताना ती बाजूला उभी राहायची.

खेळ सुरू झाला, दारं लागली की हिशेब. गड्डीचा पहिला नंबर, शेवटचा नंबर, किती फाटली, कर किती, मालकांचा वाटा, वितरकाचा वाटा. त्या कागदाला डीसीआर म्हणत, डेली कलेक्शन रिपोर्ट. कार्बन घालून प्रती काढायच्या. सिनेमाच्या वितरणाचा आमचा विभाग, म्हणजे सर्किट, मध्य भारताचा, आणि सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्य ठाणं भुसावळला. त्यामुळे सिनेमाच्या धंद्यातले असूनही बाबांच्या बोलण्यात मुंबईपेक्षा भुसावळ जास्त यायचं.

पास देण्याचा हक्क मालकांचा होता, बाबांचा नव्हता, आणि त्यांनी तो कधी मागितला नाही. "फुकट भरलेली खुर्ची डीसीआरमध्ये दिसत नाही," असं म्हणायचे. म्हणून माझी आई रांगेत उभी राहून तिकीट काढायची. बायकांच्या खिडकीतून तिचा हात आत आला की मला आधी बांगड्या दिसायच्या, मग मनगटावरचा तव्याचा डाग. बाबा काही बोलत नसत, तीही नाही. ते पैसे मोजून घेत, लाल टोकाने नंबर लिहीत. तो नेहमी बाजूच्या दाराजवळच्या कडेच्या खुर्चीचा असे, कारण माझा धाकटा भाऊ सिनेमात रडायचा आणि तिला त्याला घेऊन बाहेर जावं लागायचं. तिकिटाबरोबर बडीशेपेची एक पुडी सरकवत. ती पुडी बाबांच्या पैशाची, टॉकीजच्या नव्हे. एवढं लिहितानाही मला त्यांचा आवाज ऐकू येतो, म्हणून स्पष्ट सांगते आहे.

1975 साली संतोषी मातेचा सिनेमा आला, तेव्हाचे दिवस मला लख्ख आठवतात. बायका बैलगाड्यांतून यायच्या. दाराशी चपलांचा ढीग पडायचा, कारण आत देवी आहे म्हणून लोक अनवाणी जायचे. आरती लागली की पडद्याकडे नाणी फेकायचे. खेळ सुटल्यावर झाडूवाले ती गोळा करून बाबांकडे आणून देत, पण डीसीआरमध्ये त्यांच्यासाठी रकाना नव्हता. बाबांनी मालकांना विचारलं आणि ते पैसे झाडूवाल्यांतच वाटले गेले. त्या महिन्यात आमच्या घरीही शुक्रवारी आंबट बंद होतं.

टॉकीज का गेली, यावर त्या दिवशी सगळ्यांचं एकमत होतं. टीव्हीने मारली. ते खरं आहे, पण अर्धंच. 1982च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही घरोघर येऊ लागले आणि बालकनीतली कुटुंबं कमी झाली. 1987 सालच्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि रविवार सकाळचा खेळ मालकांनी बंदच केला. तरी टॉकीज चालत होती, कारण फ्रंट, म्हणजे पडद्याजवळचा स्वस्त दर्जा, भरत होता. फ्रंट म्हणजे मिल. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की बाबा सहाच्या खेळाच्या गड्ड्या काढून ठेवत आणि पगाराच्या आठवड्यात सुट्या पैशांची जास्तीची पिशवी मागवत. वर्षातून एकच रात्र टॉकीज ओस पडायची, अनंत चतुर्दशीची. त्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघायच्या, सारं इंदूर पहाटेपर्यंत रस्त्यावर असायचं आणि बाबाही खिडकी लावून आम्हाला घेऊन झांक्या बघायला यायचे.

मग एकेक भोंगा थांबत गेला. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991ला बंद झाली. मी तेव्हा लग्न होऊन गावातच होते, संध्याकाळी माहेरी जायचे. बाबा सांगायचे, आज फ्रंटची इतकी गेली, आज त्याहून कमी. एकदा म्हणाले, "हात येतात, पण दोन तिकिटांच्या जागी एक मागतात." पुढे तेही यायचे थांबले. दोन-तीन वर्षांत टॉकीजचं दार लागलं. बालकनी टीव्हीकडे गेली हे मी मान्य करते, पण फ्रंट कुठे गेला हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही, म्हणून मी बोलले.

माझं बोलणं झाल्यावर भिंतीशी खुर्चीवर बसलेले एक काका पुढे झाले. आत्याच्या सुनेचे मामा. मी त्यांना ओळखत नव्हते. हुकुमचंदच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, म्हणाले. मिल गेली तेव्हा चाळिशीचे. मग भाजीची गाडी लावली, रात्रीची चौकीदारी केली. थकलेले पैसे मिळायला बत्तीस वर्षं लागली. 25 डिसेंबर 2023ला 4,800 कामगारांचे 224 कोटी सुटले, त्यांत त्यांचेही होते. त्यांच्या साच्यावरचे दोघे जोडीदार तोपर्यंत राहिले नव्हते.

"बेटा," ते म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या हातून मी शंभर तरी तिकिटं घेतली असतील. पण त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नाही. करंगळी पाहिलीय. अशी." त्यांनी आपली करंगळी बाजूला उभी केली. "सुटे नसले तर म्हणायचे, उद्या द्या. आम्हीही त्यांना दिसत नव्हतो, तरी म्हणायचे. आणि मी दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचो."

बाबांना जाऊन आता अठरा वर्षं झाली. माझ्या फोनमध्ये त्यांचा एक फोटो आहे, माझ्या मुलाच्या बारशाचा. बाळ त्यांच्या खांद्यावर आहे आणि पाठीवर हात. मी फोन काकांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, हे मोठं कसं करतात? मी करून दिलं. ते बोटाने फोटो हळूहळू खाली सरकवत गेले, बाळाच्या पाठीवरच्या हातापर्यंत.

"हां," म्हणाले. "हेच."