खडूच्या टेकड्यांवरची छत्री

पुण्यात वाढलेल्या माणसाला 'छत्री' म्हटलं की वानवडीची शिंदे छत्री डोळ्यापुढे येते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनमागच्या टेकड्यांवर तशीच एक समाधी आहे आणि तिचं नावही 'छत्री'च आहे, असं तिथे राहणाऱ्या आतेबहिणीनं सांगितलं, तेव्हाच जायचं ठरलं.

शनिवारी सकाळी बसनं डिचलिंग बीकनवर उतरलो. उंची २४८ मीटर. सिंहगडाचा पायथासुद्धा याहून बराच उंच. पण उत्तरेला जमीन एकदम तुटते आणि खाली शेतांचे हिरवे चौकोन पसरलेले दिसतात. दक्षिणेचा उतार मात्र सावकाश समुद्राकडे जातो. साउथ डाउन्सची ही रांग विंचेस्टरकडून ईस्टबोर्नपर्यंत येते आणि तिथे १६२ मीटर उंचीच्या पांढऱ्याशुभ्र कड्यावरून समुद्रात संपते. माथ्यावरची पायवाट १६० किलोमीटरची आहे. आम्ही तिचा छोटासाच तुकडा चालणार होतो.

"दादा, बूट बघ तुझे." अर्ध्या तासात बूट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे झाले होते. रात्रभर पाऊस होऊनही वाटेत ना ओढा ना ओहोळ. खडूचा दगड पाणी पिऊन टाकतो. म्हणून मेंढपाळ चिकणमाती तुडवून तिचं अस्तर द्यायचे आणि गोल उथळ तळी बांधायचे. असं एक तळं वाटेत लागलं, काठोकाठ भरलेलं.

सह्याद्रीत चालणाऱ्याला हा दगड हातात घेऊन नवल वाटतं. नखानं ओरखडा उठतो. डायनोसोर होते त्या काळच्या उबदार समुद्रात सूक्ष्म शैवालांची चुनखडी कवचं कोट्यवधी वर्षं तळाशी साचत गेली, त्याचा हा दगड. आपला काळा कातळ त्यानंतरचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तिकडे आगीनं घडवलं, इकडे गाळानं. दोन्ही डोंगर मला आता एकाच गोष्टीचे वाटतात.

खडूत मधूनमधून चकमकीचे गोळे सापडतात. मी एक उचलला. वरून पांढरी साल, आणि फुटलेल्या बाजूला काळी, काचेसारखी चमक. कडेवरून अंगठा फिरवला तर कातडीवर रेघ उमटली. याच धारेसाठी नवाश्मयुगातल्या माणसांनी पश्चिमेला सिस्बरीच्या टेकडीवर खोल खाणी खणल्या, त्याही हरणांच्या शिंगांनी. पुढे लोहयुगात त्याच टेकडीवर तटबंदी उठली. गावांतल्या चर्चच्या भिंतीही याच दगडाच्या.

मेंढ्यांनी शतकानुशतकं चरून ठेवलेलं गवत पायाखाली गालिच्यासारखं दबतं. चांगल्या कुरणात एका चौरस मीटरमध्ये चाळीसेक प्रकारच्या वनस्पती सापडतात. डोक्यावर चंडोल गात होता. तो दिसेना, नुसता आवाज. पुढे जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या लागल्या. पांढरी जिल १८२१ साली ब्रायटनमध्ये उभी राहिली आणि १८५२ मध्ये बैल जुंपून इथे ओढत आणली गेली.

तिथून वाट दक्षिणेला वळते. एक चढ ओलांडला आणि खाली, हिरव्या उतारावर, पांढरा घुमट दिसला. आम्ही दोघंही बोलायचे थांबलो.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांना ब्रायटनला आणत. तिथल्या राजवाड्याचंच इस्पितळ केलं होतं, हिंदू-मुसलमानांसाठी स्वयंपाकघरं आणि पाण्याचे नळही वेगळे. जे वाचले नाहीत त्यांतल्या मुसलमानांचं दफन वोकिंगजवळ झालं. ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना या टेकडीवर अग्नी दिला, त्यांची रक्षा समुद्रात सोडली. चितेच्या जागी ही छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते अनावरण झालं.

आठ खांब, वर घुमट, सगळा संगमरवर. समोर ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा आहेत. चिता रचायचे ते ओटे त्यांच्याखाली आहेत. दुसऱ्या महायुद्धात सैन्य इथे नेमबाजीचा सराव करी, त्यात या स्मारकालाही गोळ्या लागल्या. पुढे दुरुस्ती झाली. हे वाचल्यापासून माझ्या मनातून ते जात नाही.

सैनिकांची नावं मात्र इथे कोरली गेली २०१० मध्ये, जवळच्या एका वेगळ्या शिलालेखावर. जवळजवळ नव्वद वर्षांनी.

आम्ही बूट काढले. बहिणीनं नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, हुद्द्यासकट, एकेक. वाऱ्यात तिचा आवाज मधेच हरवायचा, मग ती ते नाव पुन्हा वाचायची. पॅचमकडे उतरायला लागलो तेव्हा दुपार कलली होती.